अर्जुनरावांचा तळवा

आमच्या गावात चपला चोरीला जात नाहीत, आणि गेल्याच तर जोडी जाते. एकच चप्पल नेणारा चोर अजून जन्माला यायचा आहे, हे मी अर्जुनरावांना माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसवून कितीदा तरी समजावलं. पण त्यांची आपली अधूनमधून एक चप्पल जायचीच. कधी डावी, कधी उजवी. वावरातून घरी येताना एका पायात चप्पल, दुसरा पाय धुळीनं माखलेला, आणि तोंडानं साऱ्या गावाचा उद्धार चाललेला. "एकच काऊन नेते बे? लंगडा हाये का चोर?" असं भर रस्त्यात उभं राहून विचारायचे. मग कुणाला तरी ती चप्पल वाटेवर सापडायची, तो ती पारावर आणून ठेवायचा, आणि चोराला पश्चात्ताप झाला असं समजून अर्जुनराव त्याला मोठ्या मनानं माफ करायचे.

रोहिणखेडला कय्यूमचं चपलांचं दुकान आहे. तिथं जाऊन हे एकच चप्पल मागायचे आणि तो देत नाही म्हणून भांडायचे. शेवटी कय्यूम एकदा म्हणाला, "अर्जुनभाऊ, चप्पल कोणी नेत नाही. पायातून निसटते अन् तुमाले पत्ता लागत नाही."

"माह्या पायातली चप्पल निसटन अन् मले समजणार नाही? मेलो का मी?" असं म्हणून अर्जुनराव जे उठले ते थेट घरी आले. येताना दुसरीही चप्पल कुठंतरी पडली होती.

मला या माणसाचा भयंकर राग यायचा, आणि सकाळी तो ओट्यावर दिसला नाही तर करमायचंही नाही. भाजी मात्र त्यानं पिकवावी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर; त्यांची मेथी बाजारात उतरली की बायका दुसऱ्याच्या ढिगाकडं बघत नसत. त्यांना शुगर होती. गोळी घ्यायचे, पण गोडमिट्ट चहाबरोबर. का, तर "गोळी रिकामी पोटात जाईन तं करन काय? तिले काम पाह्यजे." त्यांचा खरा अभिमान मात्र भाजीचा नव्हता, पायांचा होता. बाभळीच्या काट्यांतून अनवाणी चालत आणि काही टोचलं नाही म्हणून फुशारकी मारत. "कष्टानं पाय लोखंडाचे झाले माहे," म्हणत. एकदा भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, गिरणीच्या तापलेल्या पत्र्यावर अनवाणी चढून त्यांनी मला बोल्ट आवळून दिले होते. शिडी धरून मी खाली उभा होतो आणि मनात म्हणत होतो, काय माणूस आहे!

तर अशा माणसाच्या गावात त्याची सख्खी भाची प्राची आरोग्य उपकेंद्रावर मोठ्या बाई, म्हणजे डॉक्टर, म्हणून आली, आणि सगळा घोळ सुरू झाला.

बाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची मामाच्या नाही. पुण्याकडच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आपल्याकडं असं बघतो, जणू आपणच उलटं सांगितलं. पण आमच्याकडं हे असंच आहे. भाचीचा हात मामाच्या पायाला लागला तर ते पाप मामाला लागतं. आणि आईच्या माहेरगावातला प्रत्येक पुरुष मामाच. प्राचीची आई विमल, अर्जुनरावांची धाकटी बहीण, डोणगावला दिलेली. म्हणजे हे प्राचीचं आजोळ, आणि आम्ही सगळे, दाढी पिकलेल्यांपासून काल मिसरूड फुटलेल्यांपर्यंत, झाडून सारे तिचे मामा.

पहिल्या दिवशी ती स्कूटीवरून आली तर फाट्यापासून दवाखान्यापर्यंत जो दिसेल तो वाकायला लागला. एका जागी तर लोकांनी रांग केली. बीपी तपासायला येणारे आधी वाकून पाया पडत, मग धापा टाकत खुर्चीवर बसत, आणि बीपी वाढलेलं निघे. निम्म्या गावाला बीपी आहे असं तिला वाटायला लागलं. मग आल्याबरोबर बसायचं, पाया जाताना पडायचं, असा तिनं नियम केला. अर्जुनरावांचा मात्र स्वतःचा नियम होता. सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन यायचं, दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर उभं राहायचं, टोपली खाली ठेवून प्राचीच्या पायांवर डोकं टेकवायचं, आणि मगच वावराचा रस्ता धरायचा. ती लाजून चूर व्हायची. हे छाती काढून निघून जायचे.

मग वरून सूचना आली की शुगर असलेल्या सगळ्यांचे पाय तपासायचे. प्राचीनं दवाखान्यापुढं ताडपत्री टाकून शिबिर लावलं. तिच्या हातात पेनाएवढी एक दांडी होती आणि दांडीच्या टोकाला नायलॉनचा ताठ दोरा. तिनं समजावून सांगितलं. शुगर जुनी झाली की पायाची जाण जाते. काटा रुतला, खडा टोचला, चटका बसला, काही कळत नाही. जखम आतल्या आत चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. म्हणून रोज तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघायचा, चप्पल झटकून घालायची, अनवाणी फिरायचं नाही. आता एकेकानं पुढं या आणि पाय दाखवा.

पाय? भाचीला?

कुणीच पुढं येईना. बरेच जण आधीच कुणकुण लागून पाय झाकून आले होते. एकानं नातवाचे शाळेचे मोजे घातले होते. सरपंचांच्या वडिलांनी तर दोन्ही पाय युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून वरून सुतळी बांधून घेतली होती. नाव पुकारल्यावर ते पोत्यासकट उड्या मारत पुढं आले, प्राचीच्या पाया पडले, आणि उड्या मारत जागेवर गेले. झाली तपासणी.

"मामा, मी पाय पाहाले बसली इथी," प्राची म्हणाली.

"पाय अन् तुले दाखवू? नरकात धाडतं का माय बुढ्याले?"

मग तिनं तो दोरा पंचफुलाच्या हातात दिला. पंचफुला आमच्या गावची आशाताई, आणि गावची सून. सुनेनं पायाला हात लावायला काहीच हरकत नाही. पण तिनं पदर घेऊन म्हाताऱ्याच्या अंगठ्याला बोट लावलं रे लावलं, की म्हातारा "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" म्हणून पाय ओढून घ्यायचा. पुढच्याचं तेच. त्याच्या पुढच्याचंही तेच. सुनेनं पायाला हात लावल्यावर आशीर्वाद सोडून दुसरं काही करायचं असतं, हे त्यांच्या कानावर कधी आलेलंच नव्हतं. घरोघर जाऊन दोन लेकरांवर थांबा असं सांगणाऱ्या त्या बाईला एका सकाळीत सगळ्या गावानं अष्टपुत्रा करून टाकलं.

प्राचीनं आशेनं कय्यूमकडं पाहिलं. शुगर त्यालाही होती, म्हणून तो रोहिणखेडहून आला होता. पण त्यानं तिच्या हातावर एक चॉकलेट ठेवलं आणि पाय मांडीखाली घेतले. "बेटा, तुही माय अन् मी एका शायेत होतो. राखी बांधत होती मले. मी बी मामाच."

शेवटी तिनं आईला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला, आणि म्हणाली, "माय, तूच सांग आता यायले."

"त्यायच्या पायाले हात लावशीन तं पाह्य!" विमल पलीकडून कडाडली. "माह्या भावायले पाप लावतं का?" ताडपत्रीवर टाळ्या पडल्या.

प्राची डोकं धरून बसली. तेवढ्यात एक म्हातारे मामा, जायची वेळ झाली म्हणून, नुसतं न वाकता तिच्यापुढं सरळ आडवे झाले. दंडवत. त्यांचे दोन्ही तळवे आभाळाकडं झाले आणि टाचेच्या भेगेत रुतलेला काचेचा तुकडा उन्हात चमकला. प्राची त्या तुकड्याकडं बघतच राहिली. मग उभी राहून म्हणाली, "हे असं नुसतं वाकून चालणार नाही. पाया पडाचं तं पुरं पडा. सगळ्यायनं दंडवत घाला."

पोरीला अखेर आपला मान कळला, म्हणून मामालोक खूश झाले. ताडपत्रीवर ओळीनं पालथे पडले. दोऱ्यानं पायाला शिवलं तर चालतं का, यावर पडल्या पडल्या थोडी चर्चा झाली आणि दोरा म्हणजे काही हात नव्हे, असं ठरलं. मग टोचलं की 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं असं सांगून प्राची मागच्या बाजूला जाऊन एकेका तळव्याला दोरा टोचवत चालली आणि ताडपत्रीतून दबलेले आवाज येत गेले, "हाव… हाव… हाव." कय्यूमही पालथा झाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी पाया नाही पडून राह्यलो, नुसता लेटून राह्यलो." मीही पडलो होतो. नाकाशी सरपंचांच्या वडिलांनी सोडून ठेवलेल्या पोत्यातल्या युरियाचा वास होता, आणि दिसत काही नव्हतं. अंगठ्याला बारीक काहीतरी टोचलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी गिरणीवर ओरडतो तसा ओरडलो, "हाव!"

एकटे अर्जुनराव उभे होते.

"तुमी गावचे मामे," ते आम्हा पालथ्यांना म्हणाले. "मी सख्खा हाये. दोरा तं दोरा, तिची सावली पडू देणार नाही मी माह्या पायावर." आणि नेहमीसारखं डोकं टेकवून, टोपली उचलून चालते झाले.

त्यानंतर काही दिवसांनी पंचफुला सकाळची फरशी पुसत होती. अर्जुनराव नुकतेच डोकं टेकवून गेले होते. ते जिथं उभे राहत तिथं, डाव्या पायाच्या जागी, एक ओला तांबूस डाग होता. तिनं पुसला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. त्याला वासही होता.

प्राची गिरणीवर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पट्टा बंद केला. "बापूमामा," ती म्हणाली, "मामाच्या तळव्याले जखम हाये. त्याले समजूनच नाही राह्यलं. असंच चाललं तं पाय जाईन त्याचा." एवढं बोलून ती पिठाच्या डब्यांकडं बघत उभी राहिली. या पोरीला कडेवर घेऊन त्यानं सगळा बाजार फिरवलेला मी पाहिला होता.

मी अर्जुनरावांना गाठलं. डाग? टमाट्याचं पाणी असेल. वास? टमाटा नासका असेल. त्यांच्या बायकोला, रुख्मिणीवहिनींना विचारलं, तुम्ही तरी पाहिला का तळवा? त्या म्हणाल्या, "दर पाडव्याले पाया पडतो ना मी. वरूनच. खालून पाहाचं असते हे कोणी सांगतलंच नाही बाप्पा." आता बघते म्हणून त्या पुढं झाल्या, तर नवरा पाय धोतरात गुंडाळून बसला.

"बरं, खामगावले चाल," मी म्हणालो. "मोठा दवाखाना हाये. तिथी तुही कोणी भाची नाही."

"घरची डॉक्टर सोडून खामगावले? मंग प्राचीची काय इज्जत राहीन? लोक म्हणतीन, सख्ख्या मामाचाच भरोसा नाही हिच्यावर."

"मंग प्राचीले दाखव."

"भाचीच्या हातात पाय देऊ? येडा झाला का बे तू?"

म्हणजे बाहेर दाखवला तर भाचीचा अपमान, आणि भाचीला दाखवला तर पाप. मधल्या मधे तळवा सडत होता. मी त्यांच्या अंगणात उभं राहून त्यांना इतक्या शिव्या दिल्या, की शेजारच्यांनी दारं लावून घेतली. अर्जुनराव शांतपणे मेथीच्या जुड्या बांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले, टोपली खाली ठेवली, वाकले, आणि तसेच थांबले. प्राची खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि मांडीवर चादर पांघरलेली होती.

"पाय कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"हायेत. पण दाखवाचे नाहीत. तुह्यासारखेच."

"मजाक नको करू. मले वावरात जाचं हाये."

"जाय ना मंग."

जातील कसे? ती गावात आल्यापासून तिच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय त्यांनी वावरात पाऊल टाकलेलं नव्हतं. ते समोरच्या बाकावर बसले आणि त्यांनीही आपले पाय धोतराखाली ओढून घेतले. बातमी गावभर पसरायला काय वेळ लागतो? मी गिरणी बंद करून गेलो. बघतो तर भाची खुर्चीत मांडी घालून, मामा बाकावर मांडी घालून, आणि दोघांचेही पाय गायब. पेशंट येत होते. प्राचीची खुर्ची चाकांची होती, तेव्हा पंचफुला तिला ढकलत टेबलापासून कपाटापर्यंत नेत होती आणि परत आणत होती. खुर्ची हलली की अर्जुनराव आशेनं खाली वाकून बघत. पाय काही दिसत नसत. टोपलीतली मेथी माना टाकत होती. रुख्मिणीवहिनींनी भाकर आणली, ती दोघांनी आपापल्या जागी बसून खाल्ली, एकमेकांकडं न बघता.

दुपार कलली तेव्हा अर्जुनरावांचा आवाज बसला होता. "पोरी, वांगे पाण्यावाचून मरतीन माहे."

"तू मरशीन त्याचं काय?" प्राची म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं. चादरीनं तोंड पुसत ती म्हणाली, "पाह्य मामा, हात नाही लावत. फक्त दोरा. हात लागला असं वाटलं का पाय ओढून घेजो."

अर्जुनरावांनी टोपलीतल्या मेथीकडं पाहिलं. मग म्हणाले, "दोराच ना? पण मी पाहणार नाही." आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर घट्ट बांधला.

समोर स्टूल ठेवलं. त्यावर त्यांनी डावा पाय ठेवला. आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे. प्राची खुर्चीवरून उतरली आणि खाली फरशीवर बसली. "टोचलं का हाव म्हण," ती म्हणाली.

तिनं अंगठ्याला दोरा लावला. दोरा वाकला. अर्जुनराव गप्प. करंगळीखाली लावला, वाकला. टाचेला लावला, वाकला. चवड्याखाली एक भोक होतं, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि आत बाभळीच्या काट्याचं काळं टोक. माझ्याच पायात कळ आली. पंचफुलानं पदराचा बोळा तोंडात धरला.

"अवो बाई, कर ना सुरू," अर्जुनराव म्हणाले. "किती वेळ बसवतं?"

प्राचीनं दोरा बाजूला ठेवला. तो पाय स्टुलावरून हळूच उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. नुसता धरून बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या पायावर पडत होतं. आता हा माणूस ओरडेल, पाय झटकेल, म्हणून मी दाराची चौकट धरली.

"झोपली का तू?" अर्जुनराव म्हणाले. "टोचव ना आता. पण हात नको लावू हां, सांगून ठेवतो."

कुणीही हसलं नाही.

"मामा," प्राची म्हणाली, "दुपट्टा काढ."

त्यांनी काढला. खाली पाहिलं. आपला पाय भाचीच्या मांडीवर आणि तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती. त्यांचं तोंड उघडं पडलं.

"कव्हापासून?"

"कव्हाची धरून बसली."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांनी पाय ओढून घेतला नाही. कितीतरी वेळ ते त्या पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाप लागाचं थे लागून गेलं. आता नीट धर. वाचन का हा?"

"आज पाह्यला म्हणून वाचन. उद्या खामगावले जाऊ. मी येतो संग."

"तू म्हणशीन तिकडे जाऊ." त्यांनी डोळे मिटले. उघडले. परत मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "प्राची, सोडला का पाय?"

"नाही मामा. धरूनच आहो."

त्यांनी डोळे उघडले. "हाव का? मंग मी आता मिटतच नाही," ते म्हणाले. "मिटले का तू जातं."

तिनं पाणी मागवलं, हातमोजे चढवले, जखम धुतली, चिमट्यानं काटा ओढून काढला, पट्टी बांधली. त्याला बराच वेळ लागला. अर्जुनराव पापणी न लवू देता तिच्या हातांकडं बघत बसले होते.